तायडे सरांची कैदाशीण

परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला गिटारमधलं कळतं ना हो? आमच्या मुलीची जुनी आहे, वायर लावून वाजते तसली. ठेवावी, दुरुस्त करावी, की विकून चांगली घ्यावी?" साधा प्रश्न होता, चहाच्या वेळी विचारला होता. मी त्यांच्या अंगावर खेकसले, "मला काय विचारता? जिची आहे तिला विचारा!" बाई कप घेऊन उठून गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं फायलींपुरतं उरलं आहे. त्यांची मी माफी मागणार आहे. पण माफी मागायची तर कारण सांगावं लागेल, आणि कारण म्हणजे अकोल्याचे तायडे सर. ते पाच मिनिटांत सांगून होण्यासारखे नाहीत.

सर आता नाहीत. असते तर हे असलं काही लिहिते म्हणून माझ्यावर ओरडले असते, आणि मला ते हवंच होतं. ते अकोल्याला आयटीआयमध्ये पोरांना वायरमनचं काम शिकवायचे आणि रविवारी सकाळी, घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, आम्हाला गिटार शिकवायचे. ठेंगणे, सावळे, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. जागे असले की रागात असायचे. सैल बसलेल्या प्लगचा राग, करकचून गुंडाळलेल्या वायरचा राग, "टाइमपास म्हणून शिकतो" म्हणणाऱ्यांचा राग, आणि "किती महिन्यांत येईल हो सर?" असं विचारणाऱ्या आईबापांचा तर फारच. माझ्या वडिलांनी तेच विचारलं, तेव्हा सर त्यांना तोंडावर म्हणाले, "गिटार काय गॅस सिलिंडर आहे का साहेब, नंबर लावला अन् घरी आलं?" वडील तहसीलमध्ये अव्वल कारकून होते. त्यांच्याशी असं बोलायची कुणाला सवय नव्हती. घरी येऊन ते आईला म्हणाले, माणूस फटकळ आहे, पण पोरीला तिथंच घालू.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मामानं दिलेली एक साधी गिटार घेऊन मे महिन्यात पहिल्यांदा त्या गच्चीवर गेले. सरांनी गिटार हातात घेतली, तिच्या मधल्या भोकाला नाक लावलं आणि वास घेतला.

"कूलर," ते म्हणाले.

"काय सर?"

"कूलरसमोर ठेवतं ना हिले? वाळ्याचा वास येऊन राह्यला पोटातून. काहून ठेवतं?"

मी म्हटलं, बाहेर फार गरम होतं, तिला काही होऊ नये म्हणून.

"तिनं सांगतलं होतं तुले, का मले गरम होते म्हणून?"

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात घरात एकच खोली राहण्यासारखी असते, कूलरची. अख्खं घर तिथं गोळा होतं. जे जे जपायचं ते त्या खोलीत येतं: आजारी माणूस, औषधं, बाळ, आणि घरात गिटार असली तर तीही. मग लाकूड रात्रभर कूलरची ओल पितं आणि फुगतं. सकाळी कुणीतरी ती बाहेर नेतं, पंचेचाळीस डिग्रीत, तिथं ते सुकतं. चार महिन्यांत गिटारचं पोट वर येतं आणि सगळा सूर बिघडतो. वऱ्हाडात गिटार घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकानं ही चूक केलेली आहे, आणि प्रत्येकानं ती मायेनं केलेली आहे. सरांनी त्या दिवशी मला तासभर झापलं. गिटारला हात लावू दिला नाही.

त्यांच्या स्वतःच्या गिटारलाही तोच रोग होता. फिकट पिवळी, वरचा एक खांदा कापलेला, कुशीला चार बटणांची पट्टी आणि आत चौकोनी बॅटरी. नुसती वाजवा नाहीतर वायर लावून वाजवा, दोन्ही जमायचं. म्हणजे जमायला हवं होतं. चारपैकी दोन बटणं केव्हाच मेली होती. तिसरं, त्याच्या फटीत आगकाडी खुपसली तरच जागेवर राहायचं. बॅटरी फुकट उतरू नये म्हणून सरांनी तिच्या पाठीला टेबललॅम्पचं बटण बसवलं होतं. तारा जिथं अडकवतात त्या पट्टीच्या मागचं लाकूड फुगून वर आलेलं, त्यामुळे तारा इतक्या उंच, की आमच्यापैकी कुणी ती वाजवायला घेतली की दहा मिनिटांत बोटं सोलून निघायची.

तिला सर कैदाशीण म्हणायचे. खोलीत आल्यावर पहिलं वाक्य तिला असायचं, "काय कैदाशीण, झाली का झोप?" सूर लावताना, "चढ ना वर, अवदसे, का हात जोडू?" तार तुटली की, "तोड, सगळ्याच तोड, एकदाची मोकळी हो." आणि आमच्याकडे वळून, "बावीस वर्ष झाले, या बह्याडीनं मले एक दिवस सुख देलं नाई. कोनी घेत असन त फुकट देतो." आम्ही पोट धरधरून हसायचो. हसण्याच्या नादात समोरचं दिसत नव्हतं असं मात्र नाही. खोलीत खुर्ची एकच होती आणि त्या खुर्चीवर कैदाशीण बसायची. सर खाली सतरंजीवर, आमच्याबरोबर.

आमच्यात प्रवीण नावाचा एक मुलगा होता. बोलका, सगळ्यांत पुढे, सरांचा लाडका. तो एकदा लाडात येऊन म्हणाला, "सर, देऊन टाका ना आता हे भंगारवाल्याले." सर एकदम थांबले. "ऊठ," म्हणाले. प्रवीण हसत होता. "ऊठ म्हनतो ना मी! तुहं खाते का ते?" तीन रविवार त्याला खोलीत घेतलं नाही. चौथ्या रविवारी तो जिन्यात उभा राहिला, तेव्हा सरांनी त्याला माफी मागायला लावली, पण स्वतःची नाही. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिची माग." आणि प्रवीणनं मागितली. हा किस्सा आम्ही पुढं कितीतरी वर्षं एकमेकांना सांगत होतो. इतका सांगितला, इतका सांगितला, आणि त्याचा अर्थ एकाही गाढवाच्या डोक्यात शिरला नाही. त्या गाढवांत मी पहिली.

एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की सरांना फुरसत नसायची. भीमगीतांच्या एका पार्टीत ते गिटारला होते. एकदा बाळापूरकडच्या एका गावात कार्यक्रम होता, तिथं त्यांनी आम्हा दोघी-तिघींना सोबत नेलं. संध्याकाळ, निळ्या पताका, ट्रॉलीवर बांधलेलं स्टेज आणि समोर अख्खं गाव. तिसऱ्या गाण्यात मधेच गिटार मुकी झाली. सरांनी आगकाडी दाबली, पाठीचं बटण मागेपुढे केलं. काही नाही. गायक तसाच गात होता. मग सरांनी तिच्या कुशीत तळहाताची एक थाप दिली आणि म्हणाले, "बोल ना वो माय! सारं गाव जमा झालं अन् तुले आत्ताच मौन लागलं?" गायकाचा माइक शेजारीच होता. ते वाक्य गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं. गाव हसलं, आणि त्या हसण्यातच गिटार खणखणीत बोलली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "बोलली रे बाप्पा!" त्या दिवशी सरांनी जे वाजवलं ते मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही. उंच तारा, सुजलेलं लाकूड, चारातलं एकच बटण धड, आणि उजव्या हातात तो सगळा राग. नव्या गिटारवर असं वाजत नाही. मला हे तेव्हाही कळलं होतं, म्हणूनच पुढच्या गोष्टीचा मला जास्त राग येतो.

पुढच्याच वर्षी पार्टीच्या मालकानं सरांना सांगितलं, आता गिटारवाला लागत नाही, कीबोर्डमध्येच गिटार निघते. सर तो रविवारभर कुणाशी धड बोलले नाहीत. शेवटी गिटार पुसता पुसता म्हणाले, "बटन दाबलं का गिटार. उद्या बटन दाबतीन त तायडे निंघन." आम्ही हसावं की नाही ते कळेना. नंतर ते विहारात वाजवायला जाऊ लागले. तिथं माइक नव्हता, त्यामुळे बटणांचं काही अडायचं नाही.

मला नोकरी लागली आणि मी अमरावतीला आले. लग्न झालं, बदल्या टाळता टाळता इथलीच झाले. सरांकडे वर्षातून एखादी फेरी व्हायची. दर वेळी ते आधी मला झापायचे, बोटं मऊ पडली म्हणून, आणि मग खुर्चीकडे बघून म्हणायचे, "हे अजून मेली नाई, पाह्य."

मग सरांची रिटायरमेंट जवळ आली. प्रवीणचं अकोल्याला मोबाइलचं मोठं दुकान झालं होतं. त्यानं सगळ्या जुन्या मुलामुलींचा ग्रुप काढला. सरांचा सेवापूर्ती सत्कार करायचा, मंगल कार्यालय, जेवण, शाल, श्रीफळ आणि एक भेट. भेट काय, तर गिटार. त्याबद्दल वाद नव्हताच. वाद होता जुनीचं काय करायचं याचा. ग्रुपवर मतदान ठेवलं. एक, जुनीच नागपूरला पाठवून दुरुस्त करून द्यायची. दोन, जुनी दुकानात देऊन चांगल्यातली नवी घ्यायची. तीन, नवी द्यायची आणि जुनी त्यांच्याकडेच राहू द्यायची. एकूण सदतीस माणसं होती. डॉक्टर, मास्तर, तलाठी, दोघं परदेशात. सगळ्यांना मत होतं. ज्याची गिटार होती तो माणूस ग्रुपवर नव्हता, कारण त्याला सरप्राइज द्यायचं होतं.

आणि मी काय केलं? मी मोठा मेसेज लिहिला. मला कळतं ना त्यातलं! मी लिहिलं, की पोट वर आलेली गिटार दुरुस्त करणं म्हणजे तारांची पट्टी, म्हणजे ब्रिज, काढून आतलं लाकूड बदलणं, आणि इतकं करूनही खात्री नाही. बटणांच्या पट्टीचे भाग आता मिळत नाहीत. सरांचं वय झालं, बोटं दुखतात, त्यांना उंच तारांचा त्रास कशाला? जुनी घरात राहिली तर ते नवीला हात लावणार नाहीत. म्हणून दोन नंबर. शेवटी लिहिलं, "सरांनाच ती नकोशी झाली आहे, त्यांनी शंभरदा सांगितलंय." छत्तीस अंगठे आले. माझा मेसेज शहाणपणाचा होता, त्यातलं एकही तांत्रिक वाक्य आजही चुकीचं नाही, आणि तो आठवला की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

गिटार घरातून काढायचं कामही माझ्याकडे आलं, कारण सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, माझ्यावर विश्वास. सत्काराच्या आदल्या दिवशी, सर आयटीआयत असताना, मी गेले. काकू तुरी निवडत होत्या. मी म्हटलं, काकू, गिटार सर्व्हिसिंगला नेते. काकूंनी ताट बाजूला ठेवलं.

"सरले इचारलं का वो?"

"सरप्राइज आहे काकू. बोलू नका."

काकू उठल्या. मग आपलं एक जुनं लुगडं आणलं, गिटारला नीट गुंडाळलं आणि म्हणाल्या, "उन्हात नको ठेवजो मा." मी हो म्हटलं. त्याच दिवशी ती अमरावतीच्या दुकानात दिली आणि नवीची पावती घेतली. लुगडं तेवढं परत आणलं, धुऊन इस्त्री करून. एवढी मी व्यवस्थित बाई!

सत्कार थाटात झाला. दुपारची वेळ, कार्यालय भरलेलं, आयटीआयचे साहेब लोक पुढच्या रांगेत. सरांना शाल दिली, मग प्रवीणनं काळी पेटी उघडली. चकचकीत गिटार, कुशीत छोटा दिवा, सूर लागला की हिरवा होणारा. सरांनी ती हातात घेतली, वायर लावली, दोन ओळी वाजवल्या. स्वच्छ आवाज. टाळ्या. सर सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले.

"चांगली गिटार आहे," ते म्हणाले. "लय चांगली आहे. तुमी सारे मोठे झाले, मले आनंद आहे." मग थांबले. "जुनी कोठी हाये?"

लोक हसले. प्रवीणनं दुसरा माइक घेतला. "सर, गेली कैदाशीण! तुमची सुटका केली आमी! एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. सर माइक धरून उभे होते. आम्ही वाट बघत होतो, आता प्रवीणला झापतील, मजा येईल. सर म्हणाले, "जेवून जा सगळे." आणि खाली बसले.



दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "वंदने, कोन्या दुकानात देली?" आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, सर, मी बघते. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, ती काय ठेवण्यासारखी होती का? आतलं कामाचं काढून घेतलं, खोकं एका कॅफेवाल्यानं नेलं." मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा चकित झाला, कारण देताना मीच त्याला तिचे सगळे दोष नीट समजावून सांगितले होते.

हे सरांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. दर रविवारी फोन यायचा, लागला का पत्ता, आणि मी म्हणायचे, चौकशी चालू आहे. तीन महिने मी त्या माणसाशी खोटं बोलले. एका रविवारी फोन काकूंचा आला.

"तुले एक सांगतो," काकू म्हणाल्या. "ते गिटार नवी होती ना, तवा हे ट्रेनिंगले गेल्ते मुंबईले, मे महिन्यात. मले वाटलं गर्मीनं खराब होईन. मीच ठेवली कूलरसमोर महिनाभर. आले त पोट फुगलेलं. मी लय रडली वो. मले एका शब्दानं बोलले नाई, अजूनपावतो नाई. जे बोलले ते तिलेच बोलले." मग म्हणाल्या, "आता नवी वाजवते. पोट्टे येते शिकाले, त्याईले शिकवते. पन काईच बोलत नाई. तिलेबी नाई अन् मलेबी नाई. घर कसं मुकं झालं."

मी फोन ठेवला आणि भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. बावीस वर्षांहून जास्त काळ एक माणूस बायकोवरचा, पार्टीच्या मालकावरचा, आमच्या सगळ्यांवरचा राग एका लाकडाच्या खोक्याला सांगत होता, म्हणून त्याच्या घरात कुणाचं मन दुखलं नव्हतं. आणि आम्ही सदतीस शहाण्यांनी मतदान करून ते खोकं विकलं. मी त्याच दिवशी सरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ते फक्त म्हणाले, "कोनता कॅफे? मी येतो."

मे महिन्यात, भर उन्हात, ते एसटीनं अमरावतीला आले. डोक्याला दुपट्टा, हातात काही नाही. आम्ही ऑटोनं कॅफेत गेलो, कोचिंग क्लासेसच्या रस्त्यावर आहे तो. आत एसी, पोरापोरींची गर्दी, आणि समोरच्या भिंतीवर ती. तारा काढलेल्या, भोकातून पिवळे दिवे पेटलेले, आणि कुशीत जिथं बटणांची पट्टी होती तिथल्या खळग्यातून प्लास्टिकचा मनीप्लांट लोंबत होता. दोन मुली तिच्याखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या.

सर मुली बाजूला होईपर्यंत थांबले. मग पुढे झाले आणि तळहात तिच्या अंगावर ठेवला, ब्रिजच्या मागं. हळूहळू दाबून पाहिलं.

"पोट बसलं," ते म्हणाले. "तारा काढल्या अन् कोरडी हवा. बसलं."

मालक, पंचविशीतला असेल, अदबीनं जवळ आला. "काका, फोटो काढून देऊ का?"

मी भडकले. काय काय बोलले ते आठवत नाही. वाद्य आहे ते, झाड लावायची कुंडी नाही, तुला लाज वाटते का, असं बरंच.  तो मुलगा घाबरून म्हणाला, "मॅडम, मी रीतसर घेतली दुकानातून. मला काय माहीत?" आणि खरंच त्याला काय माहीत होतं! त्यानं स्वतः स्टूल आणलं, पाठीतून ठोकलेले चार स्क्रू काढले, दिव्यांची माळ ओढून काढली आणि गिटार माझ्या हातात दिली. "घेऊन जा," म्हणाला. "सॉरी काका." पण सर तिथं नव्हते. ते केव्हाच बाहेर पडले होते.

मी गिटार तशीच उघडी घेऊन ऑटोत बसले आणि बस स्टँड गाठला. अकोल्याची गाडी लागलेली होती. सर खिडकीशी बसले होते, दुपट्टा मानेवर घेऊन. मी धावत जाऊन गिटार खिडकीशी उंच धरली. तिच्या पाठीतल्या चार भोकांतून ऊन पलीकडे येत होतं.

"सर, घ्या. मिळाली. आपण नागपूरला नेऊ, नवी पट्टी बसवू, मी स्वतः नेते."

सरांनी हात पुढं केला नाही.

"तुमी ठरवलं होतं ना?" ते म्हणाले. "ठेवाची, का इकाची, का बदलाची. साऱ्याईनं मिळून ठरवलं. मंग आता तुमीच ठेवा."

"चुकलं सर. माझंच चुकलं. मीच लिहिलं होतं तसं. बोला ना मला, काय बोलायचं ते बोला. झापा मला."

"तुले काय बोलू?" सर म्हणाले. "जिले बोलत होतो तिले त तुमी इकून टाकलं."

कंडक्टरनं घंटी मारली. सरांनी खिडकीची काच सरकवायला घेतली. काच अडकली होती. त्यांनी उठून दोन्ही हात लावले, जोर केला आणि ती शेवटपर्यंत ओढून घेतली. गाडी फलाटावरून मागं आली, वळली आणि माझ्यासमोरून गेली. मे महिन्याच्या त्या दुपारी अख्ख्या गाडीत तेवढी एकच खिडकी बंद होती.